वाचकांचे प्रश्न : चौघांत जिंकलं कोण?

गेल्या महिन्यात नरिमन पॉइंटला जॅझची एक मैफल झाली. चार ट्रम्पेटवादक एकाच रंगमंचावर, साथीला पियानो, उभा बास आणि ड्रम. आपल्या मासिकाचे बरेच वाचक तिथे होते असं दिसतं, कारण त्यानंतर या सदराकडे आलेली पत्रं जवळजवळ सगळी त्याच संध्याकाळबद्दलची आहेत. मी स्वतः उभं आयुष्य ट्रम्पेट वाजवण्यात घालवलं. आधी लालबागच्या ब्रास बँडमध्ये, मग रेकॉर्डिंग स्टुडिओत आणि हॉटेलांत. त्या रात्री मीही प्रेक्षकांत होतो. त्यामुळे या वेळी उत्तरं जरा लांबली आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न : मित्राच्या आग्रहाखातर गेलो होतो, जॅझ ऐकण्याची पहिलीच वेळ. सुरुवातीला चौघांनी मिळून एक चाल वाजवली, मग एकेक जण पुढे येऊन वाजवू लागला. बाकीचे बाजूला उभे. एक जण तर सरळ विंगेत निघून गेला! लोक मध्येच टाळ्या वाजवत होते. शेवटी पुन्हा तीच चाल. हा सामना होता का? आणि असेल तर जिंकलं कोण?
– एक वाचक, डोंबिवली

सामना होता, पण निकाल लावायचा नव्हता. तुम्ही नक्की काय ऐकलंत ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी धागा सुटणार नाही.

सुरुवातीच्या चालीला वादक ‘हेड’ म्हणतात. ती बहुतेक वेळा ३२ बारची असते, ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला गाण्याचा प्रकार, असेल तर १२ बारची. एका बारमध्ये चार मात्रा धरा. म्हणजे १२ बारचा ब्लूज हे ४८ मात्रांचं आवर्तन झालं. हेड वाजवून झालं की चाल बाजूला राहते, आवर्तन मात्र थांबत नाही. पियानो आणि बास त्याच स्वरसंगती (कॉर्ड) त्याच क्रमाने धरून फिरत राहतात आणि ट्रम्पेटवाला त्यांच्यावर तिथल्या तिथे नवं काहीतरी रचतो. कुणी दोन आवर्तनं घेतो, कुणी पाच. तुम्हाला चाल हरवल्यासारखी वाटली असेल, पण रंगमंचावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात ती चालूच असते. तुम्हीही मूळ चाल मनात गुणगुणत राहा आणि वादक काय करतोय ते तिच्याशी ताडून बघा. हा एवढा एकच उपाय केलात तरी अर्धा जॅझ उलगडेल.

शेवटाकडे चौघं चार-चार बार वाजवून पुढच्याच्या हवाली करत होते, आठवतं? चार बार म्हणजे सोळा मात्रा, आपल्या तीनतालाचं नेमकं एक आवर्तन. एवढ्याशा जागेत आपलं म्हणणं मांडायचं आणि ते अशा ठिकाणी सोडायचं की पुढच्याला उचलता यावं. ज्यांनी तबल्याचे सवाल-जवाब ऐकले आहेत त्यांना यातली गंमत लगेच कळेल.

विंगेत निघून जाणं हा अपमान नव्हे, रिवाज आहे. दुसऱ्याची पाळी असताना प्रेक्षकांची नजर त्याच्यावरच राहावी म्हणून बाकीचे सरकतात. आणि ओठालाही विसावा हवा असतो. ट्रम्पेटमध्ये आवाज निर्माण करतात ते वादकाचे ओठ, पितळ नव्हे. माउथपीसच्या कड्याखाली दाबले जाऊन ते सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात. सलग वाजवत राहिलं तर ते सुन्न होतात आणि वरचे सूर लागेनासे होतात. आमच्यात त्याला ‘लिप गेला’ म्हणतात. चौघांना आलटूनपालटून वाजवायला मिळणं ही या वाद्यासाठी मोठी सोय आहे. टाळ्यांचंही तसंच. एकाचं वादन संपून दुसऱ्याचं सुरू होताना टाळी द्यायची रीत आहे, मनापासून द्या. फक्त पुढच्याचे पहिले सूर तिच्यात बुडू देऊ नका, कारण बरंचसं गुपित तिथेच असतं.

ते कसं, हे त्या रात्रीच्याच एका जागेवरून सांगतो. दुसरी रचना संथ ब्लूज होती. उंच, सडपातळ तरुण वाजवत होता. शेवटच्या आवर्तनात त्याने एक उतरती ओळ घेतली, तीन सुरांची, आणि सम दोन मात्रांवर असताना ती तशीच अर्धवट सोडली. टाळ्या सुरू झाल्या. राखाडी टोपीवाला पुढे आला आणि त्याने तेच तीन सूर उचलले, पण जरा मागे रेंगाळत, तिसऱ्या सुराला खालून हलकेच वर ढकलत. मग तेच उलटे केले. मग त्यातला मधला सूर गाळला. एक अख्खं आवर्तन तो त्या तीन सुरांतच फिरत होता आणि बाजूला उभा असलेला तो तरुण मान डोलावत हसत होता, कारण आपण टाकलेलं बी दुसऱ्याच्या हातून उगवताना त्याला दिसत होतं. तिसऱ्याने मात्र स्वतःचंच काहीतरी सुरू केलं, वेगवान, वरच्या सप्तकातलं. टाळ्या त्यालाच सगळ्यांत जास्त पडल्या. कसब जबरदस्त होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने आधीच्या दोघांचं ऐकलं नव्हतं, आणि मला ते खटकलं. चौथे, वयाने सगळ्यांत मोठे, त्यांची पाळी आली तेव्हा पहिले चार बार वाजवलेच नाहीत. बास चालू, ड्रमवर ब्रश फिरतायत, आणि ते ट्रम्पेट छातीशी धरून उभे. मग एकच सूर आला, मधल्या सप्तकातला, लांब, काठावर किंचित फाटलेला. तुम्ही जिंकलं कोण विचारता, तर माझं मन त्यांनी नेलं.

या सामन्याची परंपरा जुनी आहे. १९२२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला आला तो आपला गुरू किंग ऑलिव्हर याच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायला. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा सख्खा भाऊ. मध्येच बाकीचा बँड थांबायचा आणि हे दोघं आधी न ठरवल्यासारखी, पण एकमेकांत चपखल बसणारी जागा घ्यायचे. ऐकायला आलेले वादक थक्क व्हायचे. १९२३ मध्ये त्या बँडच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळे वाजवायचे. शिष्याचा आवाज गुरूला झाकून टाकत होता म्हणून आर्मस्ट्राँगला लांब कोपऱ्यात उभं केलं होतं, असं त्या बँडची पियानोवादक लिल हार्डिन सांगायची. पुढे तिने आर्मस्ट्राँगशी लग्न केलं.

१९४४ मध्ये लॉस एंजेलिसला नॉर्मन ग्रँझ या आयोजकाने अशा मैफलींना मोठ्या सभागृहात नेलं. मग रॉय एल्ड्रिज आणि डिझी गिलेस्पी यांच्यासारखे दोन ट्रम्पेट समोरासमोर ऐकण्यासाठी लोक तिकीट काढून येऊ लागले. डिझी तरुणपणी रॉयची सही सही नक्कल करायचा. ती करता करताच स्वतःची वाट सापडली, आणि मग त्याच रॉयच्या शेजारी उभं राहून तो वाजवू लागला. वाद्य तेच, बोटांनी दाबायचे तीन पिस्टन तेच, तरीही डोळे मिटून ऐकलं तर दोन बारमध्ये कळतं कोण रॉय आणि कोण डिझी. अनेक ट्रम्पेट एकत्र ठेवण्याचं कारण मला तरी हेच वाटतं. बाकी सगळं सारखं असल्यामुळे माणूस तेवढा वेगळा दिसतो.

प्रश्न : आमचे कान तंबोऱ्यावर घडलेले. एक ट्रम्पेटसुद्धा मला कर्कश वाटतो, चार एकदम म्हणजे डोकं उठतं. शिवाय एकाने संडास साफ करायचा रबरी पंप वाद्याच्या तोंडाशी धरला होता, आणि दुसरा सारखी थुंकी जमिनीवर सांडत होता. हे काय प्रकरण आहे?
– एक वाचक, दादर (पश्चिम)

तुम्ही कुठे बसला होतात? माझा अंदाज, पुढच्या रांगेत मधोमध. ट्रम्पेटचा आवाज, विशेषतः वरचे सूर, समईच्या उजेडासारखा चहूकडे पसरत नाही. कर्णा जिकडे वळवाल तिकडेच थेट जातो. त्या रेषेत बसलात तर मार बसणारच. दहाव्या-बाराव्या रांगेत, थोडं बाजूला बसा. तेच वाद्य वेगळं ऐकू येईल.

रबरी पंपाबद्दल. ती वस्तू मुळात नळकामाच्या दुकानातलीच, दांडा काढलेली, पण वाद्यासाठी वेगळी ठेवलेली असते. डाव्या हाताने ती कर्ण्यासमोर उघडझाप करायची. बंद केलं की आवाज घुसमटतो, उघडलं की ‘वा’ असा फुटतो. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात १९२० च्या दशकात बबर मायली हा त्यात गुरगुरणंही मिसळायचा. घशातून आवाज काढत फुंकायचं, म्हणजे ट्रम्पेट अक्षरशः बोलायला लागतो. आवाज दबका करणारे धातूचे आणि फायबरचे म्यूट वेगळे, ते कर्ण्यात खोचतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने हार्मन नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या म्यूटमधली मधली नळी काढून टाकली, माइक अगदी जवळ घेतला आणि अत्यंत हळू वाजवलं. ते ऐका. तंबोऱ्यावर घडलेल्या कानांना ते पटकन आवडेल, कारण तिथे एकेका सुराला वेळ दिलेला असतो.

त्या रात्री तिसऱ्या रचनेला दोघांनी वाद्यं बदलली, ते तुमच्या लक्षात आलं का? जाडसर, मोठ्या कर्ण्याचं जे होतं ते फ्लुगलहॉर्न. त्याची नळी माउथपीसपासून कर्ण्यापर्यंत हळूहळू रुंदावत जाते, म्हणून आवाज मऊ आणि गोल येतो. पिस्टन तेच, बोटं तीच. कर्कशपणाची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी फ्लुगलहॉर्न ऐकवतो.

आणि ती थुंकी नव्हे. श्वासातली वाफ गार पितळेवर जमते, तिचं पाणी होतं. ते साचलं की सूर गुरगुरतो, म्हणून नळीच्या वळणावरची छोटी कळ दाबून ते काढून टाकावंच लागतं. एसी सभागृहात ते जास्तच साचतं.

प्रश्न : माझं वय ७८. वडील धोबी तलावला एका छापखान्यात होते. ते सांगायचे की तिथल्या गोवेकरांच्या खोल्यांतून संध्याकाळी ट्रम्पेट ऐकू यायचे. हे लोक वाजवायचे कुठे? मुंबईत जॅझ आला कसा, आणि आपल्या सिनेसंगीताशी त्याचं काही नातं आहे का?
– एक वाचक, गिरगाव

काका, तुमच्या वडिलांनी ऐकलं ते अगदी खरं. धोबी तलावला, जेर महालच्या आसपास, गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ होते. एकेका गावाने मुंबईत चालवलेलं वसतिस्थान. बोटीवर नोकरी शोधणारा, स्वयंपाकी, वादक, सगळे तिथे ट्रंक टाकून राहायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन किंवा एखादं फुंकवाद्य वाजवायला शिकवत. त्यामुळे मुंबईत उतरलेला गोवेकर मुलगा कागद समोर ठेवला की वाजवू शकायचा, आणि त्या काळी या शहरात ही विद्या फार थोड्यांकडे होती.

जॅझ आला तो थेट. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक. स्वतःच्या देशात, अमेरिकेत, कातडीच्या रंगामुळे ज्यांना अनेक दारं बंद होती, ते कलाकार इथे अपोलो बंदरासमोर रोज रात्री वाजवत होते. गोवेकर वादकांनी त्यांच्याकडून घेतलं ते नुसत्या कानाने. नोटेशन येत होतंच, पण कागदावर न उतरणारा झोल, ती मात्रा किंचित मागे ओढण्याची ढब, समोर ऐकूनच शिकावी लागते.

त्यातूनच चिक चॉकलेट घडला. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६ चा. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि तो वाजवायचाही आर्मस्ट्राँगच्या वळणाने, रुमाल हातात घेऊन. तुमच्या प्रश्नातल्या नात्याचा दुवा हाच माणूस. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्याबरोबर त्याने काम केलं. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तर चिक आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो. भगवानदादा नाचतायत, चाल चितळकरांची आणि मागे हळदोण्याचा ट्रम्पेट! गणपतीच्या मिरवणुकीत आमचा बँड त्या सिनेमातली गाणी वाजवायचा आणि अख्खी लालबागची गल्ली नाचायची. त्यातल्या कुणाला आपण जॅझवर नाचतोय हे माहीत नसेल, पण पाय बरोबर पडायचे.

स्टुडिओतलं काम कसं चालायचं तेही सांगतो. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचे. त्यांचा गोवेकर सहायक ती लिहून घ्यायचा, तिला स्वरसंगती द्यायचा आणि व्हायोलिनला काय, ट्रम्पेटला काय, असे वेगवेगळे कागद करून वादकांपुढे ठेवायचा. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे ट्रम्पेटवादक पुढे असं सहायकाचं काम करू लागले. त्यांनीच १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. त्याचं संगीत ख्रिस पेरी यांचं. तेही ट्रम्पेटवाले, सॅक्सोफोनही वाजवायचे. या माणसांची नावं हिंदी सिनेमाच्या पाट्यांवर सहसा येत नसत. मला त्याचा आजही राग येतो. दोन कडव्यांमधला जो पीस आपण सगळे गुणगुणतो, तो कुणी वाजवला हे घरातल्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नसतं.

मधल्या काळात दारूबंदी आली होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि बरेच वादक पोटासाठी स्टुडिओकडेच वळले. जॅझ मात्र संपला नाही. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईत आला. ट्रम्पेटच्या रांगेत कूटी विल्यम्स आणि कॅट अँडरसन होते. एक रबरी पंपाचा बादशहा, दुसरा इतक्या वरच्या सुरांचा की ऐकणाऱ्याला वाटावं आता वाद्य फुटेल. म्हणजे बघा, एकाच रंगमंचावर अनेक ट्रम्पेट ही या शहराला गेल्या महिन्यातली नवलाई नाही. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन गेला. चिक १९६७ मध्ये गेला, पन्नाशीच्या आसपास.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझ यात्रा सुरू झाली, तुमच्याच धोबी तलावच्या रंगभवनात. डोक्यावर छप्पर नाही, समोर जगातले मोठमोठे वादक. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले. शेजारी हॉस्पिटलं आहेत, नियम समजतो. पण त्या मोकळ्या हवेत ट्रम्पेट जसा ऐकू यायचा तसा मी बंद सभागृहात पुन्हा ऐकलेला नाही. भिंतींवर आपटून परत येणारा आवाज नाही, फक्त समोरून येणारा सूर आणि तो संपला की संपला. रंगभवनाची डागडुजी करून तिथे निदान गाण्याबजावण्याचं शिक्षण तरी सुरू व्हावं, असं मी दर वर्षी कुठे ना कुठे लिहितो. इथेही लिहून ठेवतो.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. त्या मैफलीत चौघांना बघून आली तेव्हापासून ट्रम्पेटच शिकायचाय म्हणते. आजी म्हणते हे मुलींचं वाद्य नव्हे, फुफ्फुसांवर ताण येतो. दातांना तारा लावायच्या आहेत. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, शेजारी काय म्हणतील? सुरुवात कशी करावी?
– एक आई, ठाणे

ताई, आजींना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की काळजी नसावी. ट्रम्पेटला पैलवानाची छाती लागत नाही, पोटातून संथ सोडलेला श्वास लागतो. गाणाऱ्या मुली रोज तेच करतात. मुलींचं-मुलांचं असं यात काही नाही. ओठ, दात, कान आणि चिकाटी एवढंच हे वाद्य विचारतं.

अकरा हे वय चांगलं, पुढचे कायमचे दात आलेले असतात. तारांचं काय, तर वाजवता येतं, पण ओठ तारांवर दाबले जाऊन सोलवटतात. दंतवैद्यांना आधीच सांगा की मुलगी ट्रम्पेट वाजवणार आहे. तारांवर लावायचं मेण मिळतं, त्याने बराच आराम पडतो. तारा दोन-तीन महिन्यांत बसणारच असतील तर त्या बसू द्या, मग शिकायला सुरुवात करा. नाहीतर ओठांची एक सवय लागते आणि ती मोडून दुसरी लावताना मूल खचतं.

पहिलं वाद्य म्हणून कॉर्नेटचाही विचार करा. त्याची नळी ट्रम्पेटइतकीच, म्हणजे जवळजवळ दीड मीटर, पण जास्त वेटोळी केलेली, त्यामुळे लहान हातांना पेलायला सोपं. वाद्य घेताना जाणत्या माणसाला बरोबर न्या. प्रत्येक पिस्टन दाबून सोडला की न अडखळता वर आला पाहिजे, एवढं तरी तपासा. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये नवी वाद्यं बघायला मिळतील. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा मुंबईत होतात, त्या दिल्या तर शिकण्याला शिस्त येते, पण पहिल्या वर्षी परीक्षेचं नावही काढू नका.

रियाज एका बैठकीत तासभर नको. दहा-पंधरा मिनिटं, मग तेवढीच विश्रांती, मग पुन्हा. सुरुवातीला फक्त लांब सूर: हळू सुरू करायचा, वाढवायचा, हळूच संपवायचा. ओठ दुखले की थांबायचं. माउथपीस तोंडावर जोराने दाबून वरचे सूर काढायची खोड लागली तर पुढे फार त्रास होतो, शिक्षकांनी तिकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यायला हवं. डिझी गिलेस्पीचे फुगलेले गाल बघून मुलं तसंच करायला जातात. तिला सांगा, त्या माणसाचा सूर घ्यायचा, गाल नव्हे. त्याच्या ट्रम्पेटचा कर्णा वर वळलेला दिसतो, तेही विचारेल ती. १९५३ मध्ये एका पार्टीत कुणीतरी त्याच्या वाद्यावर पडलं आणि ते वाकलं. वाजवून बघितल्यावर आवाज आवडला, म्हणून त्याने पुढे मुद्दाम तसेच बनवून घेतले.

शेजाऱ्यांसाठी प्रॅक्टिस म्यूट मिळतो. कर्ण्यात खोचला की आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही. मात्र रोज म्यूट लावूनच वाजवलं तर स्वतःचा खरा आवाज कानाला कळत नाही. आठवड्यातून दोनदा तरी गच्चीवर किंवा मैदानात मोकळं वाजवू द्या. सोसायटीत आधी चार घरी जाऊन सांगून आलात, वेळ ठरवून दिलीत, तर माणसं समजून घेतात.

आणि एक. पितळेचं आहे म्हणून कुणी घरी ते चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका! वरचं लॅकर निघून जातं आणि आपल्याकडच्या दमट हवेत खालचं पितळ लगेच हिरवं पडतं. कोमट पाणी, मऊ फडकं, पिस्टनला त्याचंच तेल. पुरे.

प्रश्न : मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. शेकडो गाणी पाठ आहेत, नोटेशन येत नाही. त्या मैफलीला एका कॅटररने पास दिला म्हणून गेलो होतो. रात्रभर झोप लागली नाही. मला जॅझ वाजवता येईल का, का वय निघून गेलं?
– एक वाचक, करी रोड

मित्रा, तुझं पत्र मी परत परत वाचलं. मीही त्याच गल्लीतून आलो, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. उन्हात, चालत, माइकशिवाय, तीन-तीन तास वाजवणारा ओठ तुझ्याकडे आहे. हॉटेलात वाजवणाऱ्या अनेकांकडे तो नसतो. कानही तयार आहे, नाहीतर एवढी गाणी पाठ झालीच नसती. नोटेशन शीक, ते सहा महिन्यांचं काम आहे, पण त्यासाठी थांबून राहू नकोस.

ब्लूजपासून सुरू कर. ट्रम्पेटवर एकही पिस्टन न दाबता निघतो त्या सुराला सा धर, पेटीवर तो काळी पाचला येईल. आता हे सूर बसव : सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नी, वरचा सा. तीव्र म वर थांबायचं नाही, त्याच्यावरून घसरून प किंवा म वर यायचं. हे तुझ्या बोटांना एका संध्याकाळीत येईल.

मग १२ बार. बँडमधल्या कीबोर्डवाल्याला सांग, पहिले चार बार सा वर, पुढचे दोन म वर, दोन परत सा वर, मग एक प, एक म, आणि शेवटचे दोन सा. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, संथ लयीत. हे तो फिरवत राहील. पहिले काही दिवस तू काहीच सुंदर वाजवायचं नाहीस. फक्त तो जिथे बदलतो तिथे बदल, त्याच्या बरोबर सा, म, प एवढेच लांब सूर धर, म्हणजे १२ बार अंगात मुरतील. न मोजता पहिल्या बारवर परत येता आलं की मगच ते सहा सूर घे. दोन बार वाज, दोन बार गप्प राहा. गप्प राहण्याचाही रियाज करावा लागतो. लग्नात आपल्याला तो कधी करूच देत नाहीत.

तुझ्या बँडमध्ये दुसरा ट्रम्पेटवाला असेलच. त्यालाही बोलाव. चार बार तू, चार बार तो. त्याने जे शेवटी वाजवलं तिथूनच तू सुरू करायचं, हा एकच नियम ठेवा. गणपती संपून लग्नसराई लागेपर्यंत तुम्हाला मोकळा वेळ असतो, तेवढ्यात हे जमेल. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून मासिकाच्या पत्त्यावर पाठव, माझ्यापर्यंत येईल. ऐकून काय बदलायचं ते लिहून कळवतो.